तोंड पोराचं, औषध गावाचं

आमच्या बीड जिल्ह्यात लहान पोराचा चेहरा म्हणजे ग्रामपंचायतीचा नोटीस बोर्ड. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबावं, वाचावं आणि कोणी न विचारता शेरा मारावा. गालावर पांढुरका डाग असलेलं पोर घेऊन धारूरच्या स्टँडवर पाच मिनिटं उभं राहून बघा. शेजारची अनोळखी आजी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवते आणि निकाल देते, "जंत झालेत गं बाई ह्याला." गाडीत बसलं की कंडक्टर सुट्टे परत देता देता "कॅल्शियम कमी हाय" म्हणतो. मागच्या सीटवरचा माणूस जंतांच्या बाजूचा की कॅल्शियमच्या, एवढंच ठरायचं राहतं, तोवर घाट लागतो. पोराचं मत कोणी घेत नाही. आपल्या गालावर डाग आहे, हे त्याला आत्ताच कळलेलं असतं.

माझी उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, धारूर आणि केज तालुक्यांत. शिकवायला उभं राहिलं की समोर पुस्तकं कमी आणि कोपरं, गुडघे, माना जास्त दिसतात. पोरांच्या कातडीवरून कॅलेंडर न बघता महिना सांगता येतो, ही विद्या मला तिथंच मिळाली. श्रावणात पायाच्या बोटांत चिखल्या. दिवाळीनंतर उललेले गाल आणि ओठ; मग पोरं पाढे म्हणताना तोंड फार उघडत नाहीत, एकोणतीसचा पाढा तर ओठ मिटूनच म्हणतात (त्याला दुसरंही कारण असतं). ऊन तापलं की मानेवर घामोळं. आणि पाडव्याच्या मागंपुढं, साखर कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे गाळप संपून, ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की खरूज. तिच्याकडं शेवटी येतो. तिच्याविषयी निवांत बोललं पाहिजे.

आधी त्या गालावरच्या डागाचा निकाल लावू. त्याला डॉक्टर पिटिरायसिस अल्बा म्हणतात. नाव ऐकून दचकायला होतं, पण आजार साधा: कोरड्या पडलेल्या कातडीचा सौम्य इसब. जंतांचा आणि त्याचा काही संबंध नाही, कॅल्शियमचाही नाही. उन्हाळ्यात तो डाग वाढल्यासारखा वाटतो, तेही खरं नव्हे. डाग आहे तेवढाच असतो, बाकीचं पोर उन्हात काळवंडत जातं. साबण कमी, खोबरेल किंवा व्हॅसलीन जास्त, डोक्यावर टोपी आणि काही महिन्यांचा धीर, एवढ्यावर तो जातो. अडचण फक्त शेवटच्या औषधाची आहे. धीर मेडिकलवर मिळत नाही.

जंतांची गोळी मात्र शाळेत दर वर्षी मिळते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, फेब्रुवारी आणि ऑगस्ट असा वर्षातून दोनदा. अल्बेंडाझोलची गोळी गुरुजींच्या देखत चावून खायची. पोरं ती चावून एकमेकांना जीभ दाखवतात. ही गोळी प्रत्येकानं खावी, जंत हे खरं दुखणं आहे आणि त्यानं रक्त कमी होतं. पण गोळीनंतर सहा महिन्यांनी गाल साफ झाला की श्रेय गोळीला जातं आणि स्टँडवरच्या आजीचा अनुभव आणखी पक्का होतो. असे पक्के झालेले अनुभव आमच्याकडं घरटी एक आहेत.

जंत, कॅल्शियम ही सगळी वरवरची नावं. आईच्या मनात वेगळंच असतं आणि ती ते लवकर तोंडातून काढत नाही. शाळा सुटल्यावर एखादी आई रेंगाळते. "जा रं, टाकीवर पाणी पिऊन ये," म्हणून पोराला लांब धाडते आणि पदर सावरत विचारते, "गुरुजी, कोड तर न्हाई ना ओ?" पोरगी असली तर हा प्रश्न आणखी हळू येतो, पोरगी दुसरीत असली तरी तिच्या सोयरिकीचा हिशोब घरात सुरू झालेला असतो. कोडाचा डाग पांढराफटक असतो, त्याची कड रेघ ओढल्यासारखी ठळक असते. गालावरचा हा डाग अंधुक, कड विरलेली, वर जरा कोंडा. एवढं सांगितलं की ती बाई मोकळी होते. आणि कोड असतं तरी ते कोणाला लागत नाही, हे मी त्याच दमात सांगून टाकतो. त्यावर ती मान हलवते. पटलेलं नसतं.

दुसरं भय कुष्ठरोगाचं. त्याची परीक्षा बघण्यासारखी असते. आरोग्य सेवक पोराला बाकावर बसवतो, सदरा काढायला लावतो, डोळे मिटायला सांगतो आणि बॉलपेनचं टोक पाठीवरच्या, दंडावरच्या डागावर हलकेच टेकवतो. "कुठं लागलं? बोट ठेव." जिथं टेकवलं तिथंच बोट पडलं पाहिजे. आमच्या वर्गात एका पोरानं पेन टेकायच्या आधीच बोट ठेवायला सुरुवात केली, कारण पहिला नंबर सोडायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्याला एवढ्या गुदगुल्या झाल्या की तो बाकावरून खाली आला. आरोग्य सेवक रागावला, पण वहीवर "निरंक" लिहिताना खुशीत होता. ज्याला गुदगुल्या होतात त्याच्या कातडीची संवेदना शाबूत. कुष्ठरोगाचा डाग फिकट नाहीतर लालसर असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि त्यावर टेकलेलं कळत नाही. घोळ इथंच होतो. खाजणाऱ्या डागासाठी माणूस तालुक्याला जातो, गप्प बसलेल्या डागाला कोणी विचारत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, प्रकाराप्रमाणं सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं, आणि त्यानं रोग बरा होतो.

तपासणीसाठी शाळेत एक गाडीही येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत नाना प्रकारचे दोष नि दुखणी शोधायची, अशी त्याची यादी आहे आणि त्या यादीत कातडीलाही जागा आहे: खरूज, बुरशी, इसब. गाडी आली की पोरं नखं दातांनी कुरतडून साफ करतात. त्यामुळं नखं स्वच्छ होतात आणि जंतांची सोय होते.

घामोळ्याबद्दल फार बोलायला नको, मे महिन्यात आमच्याकडं ते अंगाचाच भाग असतं. पारा बेचाळीसच्या आसपास, वीज गेलेली, गणवेश टेरिकॉटचा. घाम बाहेर यायच्या नळ्यांची तोंडं बुजतात, घाम कातडीतच अडकतो आणि बारीक पुरळ उठतं. त्यावर आई पावडर लावते. लावते म्हणजे थापते. पोर मानेपासून वर वेगळ्या रंगाचं दिसतं आणि मानेच्या वळ्यांत पांढऱ्या रेघा उमटतात. ती पावडर घामात कालवून तिचा लगदा होतो आणि बुजलेल्या तोंडांवर वरून लिंपण बसतं. त्यापेक्षा सैल सुती सदरा आणि गार पाणी बरं. पण आमच्याकडं पाणी हे वाक्यात सोपं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं; आमच्या गावांत तेव्हा टँकर कधी येणार यावर दिवसाचं वेळापत्रक ठरायचं. अशा वर्षी "दिवसातून दोनदा गार पाण्यानं आंघोळ घाला" असं शहरातून आलेल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा एका आजीनं शांतपणे विचारलं होतं, "व्हय बाबा, ह्याच कागदावर टँकरबी लिहून देतू का?" डॉक्टर हुशार निघाला. म्हणाला, "फडकं ओलं करून पुसा आजी, तेवढ्यानंबी भागतं." खरंच भागतं.

चामखिळीचं प्रकरण त्यामानानं निरुपद्रवी. तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, असा शास्त्रार्थ आहे. घोडं गावात फक्त वरातीला येतं. त्यामुळं लगीनसराईत नवरदेवाकडं बघणारी माणसं घोड्याच्या पुढं आणि चामखीळवाली पोरं घोड्याच्या मागं, अशी विभागणी होते. चामखीळ विषाणूमुळं येते आणि मुलांत बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते, म्हणून घोड्याची कीर्ती टिकून आहे. चुना आणि सोडा लावून ती जाळायला मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नये. चामखीळ जाते आणि व्रण जन्मभर राहतो.

अंगावर गांधी उठवण्याचा खटाटोप पोरं स्वतःहूनही करतात. बालाघाटाच्या डोंगरात झुडपांवर खाजकुयलीचे वेल चढतात. पावसाळा संपला की त्यांना सोनेरी लव असलेल्या शेंगा धरतात. सीताफळं शोधायला डोंगरात गेलेल्या पोरांपैकी एखादं ती शेंग कागदात गुंडाळून शाळेत आणतं. ती लव म्हणजे बारीक सुया असतात आणि त्यांत म्युकुनेन नावाचं प्रथिन असतं. कातडीत सुई शिरली की ते कामाला लागतं. चोळलं की कूस आणखी आत जाते, म्हणून चिकटपट्टी लावून उचलून काढायची. आमच्या शाळेत हा प्रयोग कोणाच्या खुर्चीवर झाला ते सांगत नाही. शोध लागायला मात्र वेळ लागला नाही. गुन्हेगार स्वतःच दोन्ही हातांनी कोपरापर्यंत खाजवत प्रार्थनेला उभा होता.

आता थोडी मोठी पोरं. आमच्या जिल्ह्यात पहाटे साडेचारला कुठल्याही रस्त्यावर जा, भरतीची पोरं पळताना दिसतात. पोलीस नाहीतर सैन्य. अंगात नायलॉनची पँट, घामानं निथळलेली, अकॅडमीत एका खोलीत आठजण, टॉवेल कोणाचा कोणाला ठाऊक नाही. ह्या पोरांना जांघेत नायटा होतो. जागा अशी की घरी सांगता येत नाही. मग पोरगं मेडिकलवर जातं, दुकानात दुसरं कोणी नाही हे बघतं आणि म्हणतं, "मित्राला खाज येतीय." दुकानदाराला हा मित्र चांगला माहीत असतो. तो ड्रॉवर न बघताच उघडतो आणि एक ट्यूब पुढं सरकवतो.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात. बुरशीचं, जिवाणूंचं आणि तिसरं स्टिरॉइड. स्टिरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, पोरगं खूश. बुरशी मात्र मेलेली नसते. स्टिरॉइडनं शरीराचा पहारा झोपवलेला असतो आणि बुरशी पुढच्या गल्लीत सरकते. महिन्यानं नायटा मांडीवर, मग कमरेला, मग मित्राच्याही मांडीवर, म्हणजे खऱ्या मित्राच्या. दीर्घकाळ लावलं की जांघेत लाल-जांभळे चरे पडतात आणि ते कधीच पुरते जात नाहीत. कातडीवर लावायची स्टिरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम सरकारनं २०१८ साली केला. नियम गॅझेटात आला, गावातल्या मेडिकलपर्यंत पोहोचला नसावा. ह्या सगळ्या उद्योगातून आपल्याकडचा नायटा असा निबर झाला की नेहमीच्या गोळ्यांना दाद देईना. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये अशाच एका निबर बुरशीचं बारसं केलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश आहे. गणित, अवकाश, क्रिकेट ह्यांत मिळालेल्या मानाची आपण मिरवणूक काढतो, ह्याची कोणी काढली नाही.

मुरूम जांघेत लपत नाहीत, तोंडावर येतात, आणि नेमके नववी-दहावीत येतात. पाठ्यपुस्तकात त्यांना तारुण्यपिटिका म्हणतात. तो शब्द पोरगी फक्त परीक्षेत लिहिते, घरी तिला "तोंडाला काय झालंय गं?" एवढंच ऐकू येतं. दिवसातून किमान चारदा. उष्णता वाढलीय, सब्जा भिजवून खा. आंबे बंद कर. टूथपेस्ट लाव. लिंबू चोळ. चुलतीचा उपाय मुलतानी माती, मावशीचा बेसन, आत्याचा उपाय सगळ्यांत लांबचा: "लगीन झालं की जातेत." पोरगी पंधरा वर्षांची आहे, तिला दहावी व्हायचंय आणि उपाय म्हणून नवरा सुचवला जातोय. आमच्या जिल्ह्यात बालविवाहाची गोष्ट हसण्यावारी न्यायची नसते, म्हणून त्या आत्याला मी हसत नाही.

खरं कारण वयात येताना वाढणारे हार्मोन. त्यांच्यामुळं तेलाच्या ग्रंथी जोरात चालतात, केसाच्या मुळाशी बूच बसतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. टोकावरचा काळा ठिपका मळ नसतो, घासून जात नाही. दिवसातून दोनदा साध्या साबणानं तोंड धुवावं, फोडू नये, आणि गरज पडली तर डॉक्टरनं दिलेलं मलम, बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलिन, नेमानं लावावं. फरक दिसायला दोन महिने लागतात. पंधराव्या वर्षी दोन महिने म्हणजे युगं असतात. निरोप समारंभ आठ दिवसांवर आलेला असतो.

गंमत अशी की कपाळावरच्या कितीतरी मुरमांचा धनी आईच्या हातातल्या तेलाच्या बाटलीत असतो. चापून तेल लावून घट्ट वेण्या घातल्या की तेल कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजवतं. हे एका पालक सभेत बोललो तर सभा संपेपर्यंत बायका माझ्याकडं बघत होत्या, तेल सोडायला एकही तयार नव्हती. गोरं होण्याच्या ट्यूबांचं तेच. तीच स्टिरॉइडं काही जणी तोंडाला लावतात, चार दिवस चेहरा उजळतो, मग मुरूम दुप्पट, कातडी पातळ, उन्हात आग. फेअर अँड लव्हली २०२० साली ग्लो अँड लव्हली झाली. कंपनीनं नावातला गोरेपणा काढला. सोयरिकीच्या बोलणीतून तो अजून निघायचाय.

एवढे दिवस हे बघून एक गोष्ट मला खटकत आली आहे. मुरूम एकट्या पोरीचे असतात, कोणाला लागत नाहीत, त्यांत दुसऱ्या कोणी काही करायची गरज नसते. तिथं चुलती, मावशी, आत्या, कंडक्टर, सगळे धावून येतात. आणि खरूज झाली, जिला घरातल्या एकूण एक माणसानं एकाच रात्री औषध लावायला पाहिजे, तर सगळे लांब सरकतात आणि म्हणतात, "त्याला झालीय, त्याला लावा."

खरूज समजायची तर कोपी बघितली पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. उसाच्या फडाशेजारी बांबू, पाचट नाहीतर ताडपत्रीची कोपी उभी राहते. आत वाकून जायचं. थंडीत आई, बाप, पोरं, कधी म्हातारी, एका वाकळेखाली. दिवसा उसाची पानं हात कापतात, कूस टोचते, बायका लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. पोरं फडाच्या कडेला असतात. अशा ठिकाणी अंग खाजलं तर कोणी कारण शोधत नाही, ऊस आहे म्हटलं की संपलं. त्यामुळं खरूज निवांत वाढते आणि एप्रिलमध्ये ट्रॅक्टरवर बसून गावी येते.

वर्गात ती लगेच ओळखू येते. पोरगं पाटीवर लिहिता लिहिता थांबतं आणि डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या बोटांत घालून एकमेकांवर घासतं. बेचक्यांत बारीक पुटकुळ्या, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला जिथं चड्डीची नाडी असते तिथं. डोळे पेंगुळलेले, कारण खाज रात्रीची. आई म्हणते, "रातभर खाजवायलंय गुरुजी, आमाला बी झोप न्हाई." आमाला बी झोप न्हाई, ह्यातच अर्धं निदान असतं. तिला विचारलं, तुम्हाला खाजतं का? तर "न्हाई बा" म्हणत ती हात पदराआड घेते.

हा उद्योग एका सूक्ष्म किड्याचा. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीत बोगदा करते आणि अंडी घालते. साऱ्या अंगावर मिळून बहुधा दहा-पंधराच किडे असतात, खाज मात्र हजारोंची. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे शेजारी झोपणाऱ्या भावाला आज काही होत नसलं तरी किडा त्याच्याकडं मुक्कामाला असू शकतो. एकट्या पोराला औषध लावलं की ते बरं होतं आणि पंधरा दिवसांत भावाकडून परत घेतं. मग औषधच खोटं ठरतं.

हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याचं चित्र छापलं इटलीच्या बोनोमो नावाच्या वैद्यानं, १६८७ साली. आपल्या दख्खनमध्ये त्या वर्षी औरंगजेब गोवळकोंड्याला वेढा घालून बसला होता. बोनोमोला सुगावा कुठून लागला? गरीब बायका आपल्या पोरांच्या अंगातून सुईच्या टोकानं काहीतरी काढतात, हे बघून. पुढं डॉक्टरमंडळी ते विसरली. दीडशे वर्षांनी, १८३४ मध्ये, पॅरिसच्या एका इस्पितळात रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं सुईनं किडा काढून दाखवला तेव्हा विद्वानांची खात्री पटली. तो कॉर्सिका बेटावरचा होता आणि त्याच्याकडच्या बायाबापड्या तो किडा तसाच काढत असत. आयांना ठाऊक असलेली गोष्ट विद्वानांना कळायला एवढा वेळ लागला, ह्याचं मला फार नवल वाटत नाही.

आमच्या म्हाताऱ्या बायांचंही एका बाबतीत मानलं पाहिजे. खोबरेलात गंधक कालवून अंगाला लावायचं, हा त्यांचा उपाय बरोबर निघाला. डॉक्टरही गंधकाचं मलम देतात. वास असा येतो की पोर कुठं लपलंय ते शोधावं लागत नाही. आता सोयीचं म्हणजे पर्मेथ्रिन मलम. रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बेचक्यांत, बेंबीत, नखांखाली, एक बोटभर जागा न सोडता लावायचं, सकाळी अंग धुवायचं आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, त्याच रात्री. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. उन्हाची आमच्याकडं टंचाई नाही. वाकळ धुवायला पाणी नसेल तर गोणीत घालून तोंड बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी चालते. माणसाचं अंग सुटलं की किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. औषधानंतरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा मलम थापू नये.

अडतं ते मोजणीत. एका मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. घरात सातजण आणि हातात ट्यूब एक, हे गणित कुठल्याच इयत्तेत सुटत नाही. मग आई ती सगळी धाकट्याच्या बोटांत लावते आणि उरलेली जपून फळीवर ठेवते.

आणि लाज. खरूज म्हणजे घाणेरडेपणा, असं पक्कं बसलेलं आहे. खरूज जवळ झोपण्यानं होते, त्यात गरिबाचं चुकतं एवढंच की त्याच्याकडं खोल्या कमी असतात. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशातल्या कॉलेजच्या पोरांतही अलीकडं ती वाढली आहे, आणि तिथं दोन वेळा आंघोळीला पाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. इकडं अंबाजोगाईला स्वाराती, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे. १९७४ सालचं ते आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, असं आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण कातडीच्या ओपीडीच्या वाटेवर गाववाला भेटला की माणूस म्हणतो, "डोळे दाखवायला आलतो." गाववालाही डोळेच दाखवायला आलेला असतो. थोड्या वेळानं दोघं एकाच रांगेत उभे असतात आणि डोळे सोडून सगळं खाजवत असतात.

तेव्हा यंदा पट्टा पडून माणसं घरी आली आणि कोणाचं पोर रात्री खाजवायला लागलं, तर त्याला एकट्याला धरून आणू नका. घरातली माणसं मोजा आणि तो आकडा आशाताईला, डॉक्टरला सांगा. दोन महिन्यांच्या आतलं तान्हं असेल किंवा कोणी गरोदर असेल तर तेही आधी सांगा. मोजताना म्हातारा-म्हातारी सोडू नका, खाज नाही म्हणणारा बाप सोडू नका. मुक्कामाला पाहुणा असेल तर त्यालाही धरा. लाजला तर चहा पाजा, पण मलम लावल्याशिवाय त्याला एसटीत बसवू नका.